जुन्या बीएमडब्ल्यूचं डीव्हीडी नेव्हिगेशन: डिस्क घेण्याआधी डबा ओळखा

माझ्या टेबलाच्या खणात एक नवीकोरी नकाशाची डिस्क पडून आहे. वर ‘रोड मॅप युरोप प्रोफेशनल’ असं छापलंय. ३५ युरोंना घेतली, गाडीत घातली. ड्राइव्हने ती दोनदा घरघर फिरवली आणि जीभ दाखवावी तशी परत बाहेर ढकलली. जाहिरातीत ‘सगळ्या बीएमडब्ल्यूंना चालते’ असं लिहिलं होतं आणि मी विश्वास ठेवला. निम्मी चूक विकणाऱ्याची, निम्मी माझी. माझ्या गाडीला ‘हाय’ नावाची डिस्क लागते, आणि डिकी उघडून पाच मिनिटं डोकावलो असतो तर तेव्हाच कळलं असतं.

गाडी म्हणजे २००३ ची ई३९ टूरिंग, ५ सीरिजची स्टेशन वॅगन. म्युनिकला आल्यावर दुसऱ्या वर्षी घेतली. इंजिन ठणठणीत, सीट मऊ, आणि समोर एक रुंद पडदा, ज्यावर ‘कृपया नेव्हिगेशन डीव्हीडी घाला’ एवढंच दिसायचं. तेव्हापासून ओळखीतल्या दोघा-तिघांच्या जुन्या गाड्यांचं नेव्हिगेशन आम्ही मिळून चालू केलंय. एकाचं तर गणपतीच्या कार्यक्रमाबाहेरच्या पार्किंगमध्ये, आरतीची घंटा ऐकत. त्या उद्योगातून जे हाती लागलं, ते नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांचे पैसे पहिली पायरी सोडून पाचवीवर उडी मारल्याने वाया जातात.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. रोजच्या ट्रॅफिकसाठी मीही मोबाइलच वापरतो. पण जर्मनीत गाडी चालवताना मोबाइल हातात घेतलेला दिसला की १०० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक पॉइंट ठरलेला. शिवाय डोंगरात रेंज गेली तरी डिकीतला नेव्हिगेशनचा डबा काम करत राहतो, आणि कंपनीने डॅशबोर्डमध्ये बसवलेला पडदा काळा पडलेला बघवत नाही. तिसरं कारण सगळ्यात खरं आहे.

पहिली पायरी: डबा ओळखा

या गाड्यांत नेव्हिगेशनचा मेंदू पडद्यामागे नसतो. पडदा नुसता पडदा आहे. खरा संगणक, म्हणजेच हा डबा, डिकीत डाव्या बाजूला, झाकणामागे असतो, आणि डिस्क त्याच्याच तोंडात जाते. नवखे लोक डॅशबोर्डमध्ये डिस्कची खाच शोधत बसतात. मीही बसलो होतो.

या संगणकाच्या चार पिढ्या झाल्या: एमके१ ते एमके४. पहिल्या तीन पिढ्या सीडीवर चालतात, डीव्हीडी फक्त एमके४ वाचतो. हा चौथा डबा साधारण २००२ पासून गाड्यांत यायला लागला. ई३९ (५ सीरिज), ई४६ (३ सीरिज), ई५३ (एक्स५), ई८३ (एक्स३) आणि ई८५ (झी४) या गाड्यांत तो सापडतो. सीडीत मावतो जेमतेम ७०० एमबी मजकूर, एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी. म्हणून सीडीवाल्यांना देश बदलला की डिस्क बदलावी लागायची, आणि डीव्हीडी आल्यावर अर्धा युरोप एका चकतीत बसला.

ओळखायचं कसं? आत डिस्क असेल तर बाहेर काढून बघा, त्यावर सीडी की डीव्हीडी ते लिहिलेलं असतं. डिस्क नसेल तर डब्यावरच्या लेबलाचा फोटो काढा आणि त्यावरचा पार्ट नंबर शोधा. गाडीचं साल बघून अंदाज बांधू नका. २००१ च्या गाडीत मागच्या मालकाने एमके४ बसवलेला असू शकतो, आणि उलटंही मी पाहिलंय.

आता डिस्कची नावं, कारण फसगत होते ती इथेच. बीएमडब्ल्यूने प्रत्येक यंत्रणेच्या नकाशाला वेगळं नाव दिलं, आणि सगळी नावं ऐकायला सारखीच भारी वाटतात. एमके४ ला लागते ‘हाय’. त्यानंतर आलेल्या, गोल बटणाच्या आयड्राइव्हवाल्या गाड्यांत दोन प्रकार होते: मोठ्या पडद्याच्या सीसीसी यंत्रणेला ‘प्रोफेशनल’, आणि लहान पडद्याच्या एम-आस्कला ‘बिझनेस’. पुढे हार्ड डिस्कवाली सीआयसी आली, तिची ‘प्रीमियम’. तिथे नुसती डिस्क घेऊन भागत नाही, त्या गाडीपुरता सक्रिय करण्याचा कोडही लागतो. एमके४ ला असला कोड लागत नाही, हे आपलं नशीब. जाहिरातीत ‘हाय’ हा शब्द दिसत नसेल तर विकणाऱ्याला कव्हरचा दोन्ही बाजूंचा फोटो मागा. फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून काही घेऊ नका.

दुसरी पायरी: छुपं पान उघडा

डिस्क वाचली जात नसली तरी डब्याचं बाकीचं अंग जिवंत आहे का, ते आधी बघून घ्यायचं. त्यासाठी सर्व्हिसचं पान आहे, ज्याचा गाडीच्या पुस्तकात उल्लेखही नाही. इग्निशन चालू करा, पडद्यावर सेटिंगच्या पानावर जा आणि ‘मेनू’चं बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा. एक रूक्ष यादी उघडेल. त्यात नेव्हिगेशन निवडा.

तिथे तीन गोष्टी बघायच्या. आवृत्तीच्या पानावर आत कोणतं सॉफ्टवेअर आहे ते दिसतं, ते लिहून ठेवा. जीपीएसच्या पानावर किती उपग्रह दिसतात, अक्षांश-रेखांश काय आणि तारीख काय ते असतं. घराच्या तळघरातल्या गॅरेजमध्ये हे बघू नका. गाडी उघड्यावर न्या आणि पंधरा-वीस मिनिटं द्या. डबा बराच काळ बंद असेल तर त्याला कोणता उपग्रह कुठे आहे ते पाठ नसतं, आणि उपग्रहांची पूर्ण वेळापत्रकवजा यादी उपग्रहाकडून उतरायलाच १२.५ मिनिटं लागतात. माझ्या मित्राने दोन मिनिटांत ‘अँटेना मेली’ असं जाहीर केलं आणि नवी मागवायला निघाला. आम्ही समोरच्या बेकरीत कॉफी पिऊन आलो तोवर सात उपग्रह लागले होते.

तिसरं पान सेन्सरचं. या यंत्रणा नुसत्या जीपीएसवर जगत नाहीत. चाकं किती फिरली याचे ठोके गाडीकडून येतात, आणि गाडी किती वळली हे डब्यातला जायरो सांगतो. दोन्हींची बेरीज करून डबा आपली जागा मोजत राहतो आणि जीपीएसने ती पडताळतो. म्हणून बोगद्यात मोबाइलचा बाण गोंधळतो तेव्हाही हे जुनं खोड शांतपणे पुढे सरकत असतं. एखाद्याला बाजूला बसवून हळू गाडी चालवा. ठोक्यांचा आकडा वाढला पाहिजे, वळलात की जायरोचा आकडा हलला पाहिजे, आणि मागे घेतलीत की दिशा उलटी दाखवली पाहिजे. हे तिन्ही होत असेल तर डबा वाचवण्यालायक आहे. होत नसेल तर डिस्कवर एक युरोही खर्चू नका.

तिसरी पायरी: ‘डीव्हीडी घाला’ म्हणजे डिस्कच खराब, असं नाही

दहापैकी सात वेळा दोष डिस्क वाचणाऱ्या लेझरच्या भिंगाचा असतो, असा माझा अनुभव. डिकीत धूळ असते, हिवाळ्यात ओल असते. मागच्या दिव्याचं रबर कडक झालं की पाणी आत झिरपतं आणि डब्याच्या आसपासच साचतं. म्हणून आधी डाव्या कप्प्याच्या तळाशी हात घालून बघा. गालिचा ओला लागला तर नेव्हिगेशन राहू दे बाजूला, पहिल्यांदा गळती बंद करा.

थंडीत आणखी एक गंमत होते. रात्रभर उणे आठमध्ये उभी राहिलेली गाडी तापायला लागली की भिंगावर दव धरतं आणि डिस्क वाचली जात नाही. वीस मिनिटांनी आपोआप चालू होते. असं फक्त जानेवारीत होत असेल तर काही उघडू नका.

बारमाही त्रास असेल तर मात्र सफाई. आधी सौम्य उपाय: डिस्क स्वच्छ करा. चष्मा पुसायचं मऊ कापड घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि लांबलचक तुकडा वाचता येत नाही. आडवा ओरखडा रेषेला प्रत्येक फेरीत क्षणभरच छेदतो, ते ड्राइव्ह भरून काढतो. टूथपेस्टने ओरखडे घासण्याचा घरगुती उपाय मी केलाय. डिस्क पुदिन्याच्या वासाची झाली, बाकी काही नाही.

त्यानंतर भिंग. दुकानात ब्रशवाल्या सफाईच्या डिस्क मिळतात. एकदा चालवून बघायला हरकत नाही, पण ब्रश कडक असेल तर भिंगाची नाजूक टांगणी बिघडू शकते. मी डबा काढूनच करतो. बॅटरीचं ऋण टोक सोडवा, कंसाचे स्क्रू काढा, डबा पुढे ओढा आणि मागचे प्लग हळूच काढा. प्रत्येक प्लगला कुलूप असतं, ते दाबल्याशिवाय ओढू नका. घरी टेबलावर वरचं पत्र्याचं झाकण उघडा. स्क्रू चहाच्या बशीत, निघाले त्याच क्रमाने. आतला ड्राइव्ह घरच्या संगणकातल्या ड्राइव्हसारखाच दिसतो. भिंग म्हणजे मसुरीच्या डाळीएवढा निळसर थेंब. कानात घालायच्या कापसाच्या काडीला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपॅनॉल लावा. काडी नुसती ओलसर हवी, टपकायला नको. तिच्या वजनानेच भिंगावरून दोनदा फिरवा. दाब द्यायचा नाही, फुंकरही मारायची नाही, थुंकी उडते. कोरड्या काडीने एकदा पुसा, दहा मिनिटं थांबा, बंद करा. पहिल्यांदा काडीवर जी काळी राख आली होती ती बघून बायको म्हणाली, “आणि तू म्हणे डिस्कला शिव्या घालत होतास.”

एक तपासणी इथे फसवते. सॉफ्टवेअरची सीडी ड्राइव्ह वाचतो म्हणून तो ठीक आहे, असं समजू नका. सीडी ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या लाल प्रकाशाने. एक डोळा शाबूत आणि दुसरा अधू, असं होऊ शकतं. दुहेरी थराची डिस्क असेल तर काम आणखी अवघड, कारण एकेरी थराच्या डिस्कवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो, दुहेरीवरून १८ ते ३० टक्केच. थकलेला लेझर आधी तिथेच हात टेकतो. सफाईनंतरही फरक पडला नाही तर दुसरा वापरलेला डबा भंगारवाल्याकडून आणणं हाच स्वस्त मार्ग. लेझर बदलून देणारे कारागीर आहेत, पण या वयाच्या गाडीला तो खर्च मला पटत नाही.

चौथी पायरी: सॉफ्टवेअर, हवं असेल तरच

डब्याचं सॉफ्टवेअर आणि नकाशा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सॉफ्टवेअर सीडीवर येतं, एकदाच चढवायचं, नंतर ती सीडी लागत नाही. नकाशाची डीव्हीडी कायम आत राहते. नव्या सॉफ्टवेअरने पडदा थोडा चपळ होतो आणि नव्या सालाच्या डिस्क वाचण्यात अडचण येत नाही. पण सगळं नीट चालत असेल तर मी हात लावत नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला?

चढवायचं ठरलं तर एकच गोष्ट सांभाळायची: वीज. मधेच व्होल्टेज पडलं तर डबा कायमचा बेशुद्ध होऊ शकतो. बॅटरी मागे असली तरी या गाड्यांच्या इंजिनच्या खणात चार्जर लावायला धन टोक दिलेलं असतं, त्याला चांगला चार्जर जोडा. किंवा इंजिन आधीच चालू करून ठेवा, अर्थात उघड्यावर, गॅरेजमध्ये नव्हे. अर्ध्या वाटेत इंजिन चालू करायचं नाही, कारण स्टार्टर फिरताना पडद्याची वीज क्षणभर जाते.

नकाशाची डिस्क काढा, सीडी घाला. पडदा विचारतो, होकार द्या. पट्टी सरकायला लागते. मला पंधरा मिनिटं लागली, त्यातली चार मिनिटं पट्टी एकाच जागी थिजली होती आणि माझाही जीव. किल्लीला हात लावू नका. काम झालं की डबा स्वतःच सांगतो, मग सीडी काढून नकाशा परत घाला. भाषा पुन्हा निवडावी लागेल. आमच्या डब्यात जर्मन बाईच ठेवली आहे. पुण्याहून बाबा आले होते, तेव्हा मी मुद्दाम वाट सोडली की ती शांतपणे ‘बिटे वेंडन’ म्हणायची, म्हणजे कृपया गाडी वळवा. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा बाबा मागून म्हणाले, “अरे, ती एवढं सांगतेय तर ऐक ना तिचं!”

पाचवी पायरी: आता डिस्क

‘हाय’ मालिकेच्या डिस्क आता मुख्यतः वापरलेल्या मिळतात. घेताना साल बघा. जुनी डिस्क म्हणजे काय, ते म्युनिकमध्ये राहणाऱ्याला दोन ठिकाणी दिसतं. लुइझे-किसेलबाख-प्लात्सखालचा बोगदा २०१५ मध्ये उघडला. त्याआधीच्या नकाशात तिथे सिग्नलचा चौक आहे, आणि तुम्ही जमिनीखाली असताना बाई डावीकडे वळायला सांगते. दुसरं ए९४ महामार्गावर. पास्टेटन ते हेल्डनस्टाइन हा ३३ किलोमीटरचा तुकडा २०१९ मध्ये चालू झाला. माझ्या आधीच्या डिस्कवर तो नव्हता, त्यामुळे पासाउच्या दिशेने जाताना आमच्या गाडीचा बाण अर्धा तास बवेरियाच्या शेतांतून, गोठ्यांवरून सुसाट चालला होता. मुलीला हे फार आवडलं.

पण म्हणून सगळ्यात नवं सालच हवं असं नाही. आल्प्सपलीकडे सुट्टीला जाण्यासाठी मोठे रस्ते पुरतात, ते फारसे बदललेले नाहीत. पाच वर्षं जुनी डिस्क दहा युरोंना मिळत असेल आणि नवी साठला, तर मी जुनी घेतो. नंतरच्या वर्षांच्या संचात दोन डिस्क असू शकतात, देशांची वाटणी कव्हरवर छापलेली असते. एकच डिस्क विकायला असेल तर आपल्या कामाचे देश तिच्यावर आहेत ना, ते वाचा.

घरी जाळलेल्या प्रती बाजारात चिकार आहेत. त्यांच्या वाटेला मी जात नाही. एकतर ती चोरी, आणि दुसरं म्हणजे थकलेल्या लेझरला त्या पचत नाहीत. त्यातही कागदी लेबल चिकटवलेली डिस्क तर अजिबात आत घालू नका. उन्हाळ्यात डिकी तापली की गोंद सुटतो, लेबल आत गुंडाळतं आणि डिस्क बाहेर येत नाही. ती काढायला पुन्हा चहाची बशी आणि स्क्रू.

नवी डिस्क घातल्यावर पहिल्यांदा वाचायला मिनिटभर लागतं. तुम्ही साठवलेले पत्ते डब्यात असतात, डिस्कवर नाही, त्यामुळे ते जात नाहीत.

सीडीवाला डबा बदलायचा असेल तर

तुमच्याकडे एमके३ असेल आणि डीव्हीडी हवी असेल, तर एमके४ त्याच जागी, त्याच मोठ्या प्लगवर बसतो. अर्ध्या तासाचं काम. एमके१ आणि एमके२ मध्ये मात्र जीपीएसचा रिसीव्हर वेगळ्या डबीत होता. पुढच्या डब्यांत तो आतच आहे. म्हणजे अँटेनाची तार त्या डबीतून काढून थेट नव्या डब्याला आणावी लागते. तार अवघडून ओढू नका. अँटेनाची तार चिमटली तर उपग्रह दिसणार नाहीत, आणि दोष तुम्ही डब्यात शोधत बसाल.

बदललेला डबा नव्या गाडीशी जुळवून घ्यायला वेळ घेतो. उघड्या आकाशाखाली, वळणं असलेल्या रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर चालवा, तोवर बाण शेजारच्या गल्लीत दिसला तर घाबरू नका. टायरचा घेर बदलला तरी असंच थोडं चुकतं आणि सुधारतं. आणि हो, वापरलेला डबा आणलात तर त्यात मागच्या मालकाचे पत्ते तसेच असतात. माझ्या डब्यात एका अनोळखी माणसाचं घर, ऑफिस आणि सासर सगळं होतं. मी पुसून टाकलं. तुम्ही डबा किंवा गाडी विकाल तेव्हा आपले पत्ते पुसायला विसरू नका.

सहावी पायरी: जोडण्या

इथे मोह फार आणि सल्ले देणारे त्याहून फार. माझ्या मते पैसे वसूल होणारी जोडणी एकच आहे: ब्लूटूथने गाणी. गाडीचा रेडिओ डिकीतल्या सीडी चेंजरशी आय-बस नावाच्या एका तारेवरून बोलतो. त्या चेंजरच्या प्लगवर एक लहान सर्किट लावायचं, जे रेडिओला ‘मीच सीडी चेंजर’ असं सांगतं आणि मोबाइलमधली गाणी पुढे ढकलतं. ‘ब्लूबस’ नावाचं असं एक मुक्त स्रोताचं यंत्र आहे. काही कापावं लागत नाही, आवडलं नाही तर काढून चेंजर परत लावता येतो. स्टिअरिंगवरची बटणंही चालतात. मी असल्या जोडणीलाच हो म्हणतो, जी उद्या काढता येईल.

मागचा कॅमेरा लावता येतो, पण पडद्याला चित्र आरजीबी तारांवरून जातं, त्यामुळे रिव्हर्सचा दिवा लागला की चित्र बदलणारी एक मधली पेटी लागते. तारा डिकीच्या दारातून न्याव्या लागतात आणि टूरिंगच्या दाराच्या बिजागरापाशी तारा तुटण्याची खोड मुळातच आहे. त्यात भर घालायची का, ते ठरवा. मी नाही घातली. खांद्यावरून मागे बघतो.

पडदाच काढून अँड्रॉइडचा मोठा पडदा बसवणारेही पुष्कळ. नकाशे ताजे, ट्रॅफिक ताजं, सगळं खरं. पण स्वस्तातले पडदे रात्री झोपत नाहीत आणि बॅटरी पितात, जुन्या ॲम्प्लिफायरशी आवाज जुळत नाही, आणि हे मार्गी लावण्यात रविवार जातात. बसवलाच तर मूळ पडदा फेकू नका; गाडी विकताना त्याची किंमत येते.

गाडी चालू असताना पडद्यावर टीव्ही दिसावा म्हणून कुलूप काढण्याचे उपायही लोक सांगतात. ते मी करत नाही आणि इथे लिहीतही नाही.

तारीख आणि ट्रॅफिकची गोष्ट

छुप्या पानावर तारीख वीसेक वर्षं जुनी दिसली तर डबा वेडा झालाय असं समजू नका. जीपीएस आठवडे मोजतो, आणि जुन्या पद्धतीत तो आकडा १०२४ आठवड्यांनी, म्हणजे साधारण १९.६ वर्षांनी शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आला, एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरला हे कळलं नाही की तो भूतकाळात जाऊन बसतो. जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि अक्युराच्या बऱ्याच जुन्या गाड्यांची घड्याळं अशीच २००२ मध्ये गेली होती, आणि ऑगस्टपर्यंत तिथेच राहिली. जागा मात्र बरोबर दिसते, तेव्हा रस्ता शोधायला अडचण येत नाही. ठरावीक वेळीच बंद असणाऱ्या रस्त्यांची माहिती तेवढी चुकू शकते.

ट्रॅफिकची सूचना या यंत्रणेत एफएम रेडिओच्या लहरींवरून येते, टीएमसी म्हणतात तिला. जर्मनीत ती अजून मिळते. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने ३१ डिसेंबर २०२४ ला एफएम बंद केलं, त्यामुळे सीमेपलीकडे पडद्यावर कोंडी दिसत नाही म्हणून रस्ता मोकळा आहे असं धरू नका. आम्ही गोटहार्ड बोगद्याच्या तोंडाशी दीड तास याच समजुतीत बसलो होतो. डबे उघडून पोळी-भाजी झाली, मग मुलीने माझ्याच मोबाइलवर रांगेची लांबी दाखवली.

शेवटची फेरी

सगळं बसवल्यावर एक फेरी मारायची. घरचा पत्ता घाला. बटण फिरवत एकेक अक्षर निवडताना पहिल्यांदा वैताग येतो, आठवड्यात बोटांना सवय होते. मग मुद्दाम एका लांब बोगद्यातून जा आणि बाहेर पडताना बाण रस्त्यावरच आहे का बघा. एक वाट चुकवा, डबा दुसरी वाट किती वेळात शोधतो ते बघा. माझा डबा दहा-बारा सेकंद घेतो, आणि तेवढ्यात पुढचं वळणही जातं. गाडी बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा चालू करा: डिस्क पुन्हा वाचली गेली आणि जागा तीच दाखवली, तर काम झालं.

डब्याच्या लेबलाचा फोटो, सॉफ्टवेअरचा आकडा आणि डिस्कचं साल एका कागदावर लिहून गाडीच्या पुस्तकात ठेवा. आणि कोणाकडे सीसीसीवाली ई६० असेल, तर ‘प्रोफेशनल’ डिस्क माझ्या खणात आहे. येऊन घेऊन जा, चहा पाजतो.